लाल चेहऱ्याची कैफियत

टोकियोच्या उपसागराच्या मुखाशी कुरिहामा नावाचे एक लहानसे बंदर आहे. १८५३ च्या जुलै महिन्यात अमेरिकन आरमाराचा सेनानी मॅथ्यू पेरी आपल्या धूर ओकणाऱ्या काळ्या जहाजांसह येथेच उतरला, आपल्या राष्ट्राध्यक्षाचा खलिता त्याने शोगुनच्या प्रतिनिधींच्या हवाली केला, आणि दोन शतकांहून अधिक काळ परकीयांना जवळजवळ बंद असलेले जपानचे दरवाजे उघडण्यास प्रारंभ झाला. पुढच्या वर्षी तो परतून आला तेव्हा नजराण्याच्या यादीत तारयंत्र आणि आगगाडीची लहान प्रतिकृती यांच्या जोडीला व्हिस्कीची पिंपेही होती. मद्य ही गोष्ट जपानला पेरीने शिकविली असे मात्र कोणी समजू नये. तांदळापासून निघणारी साके तेथे देवळांतून, लग्नकार्यांतून आणि पेरणी-कापणीच्या सणांतून शतकानुशतके चालत आलेली होती. या कुरिहामा परिसराचा आणि मद्याचा जो खरा संबंध आला, तो पेरीच्या भेटीनंतर एकशेदहा वर्षांनी, आणि अगदी निराळ्या वाटेने.

१९६३ साली या भागातील राष्ट्रीय रुग्णालयात, जे पूर्वी आरमाराच्या मालकीचे होते, मद्यासक्तांसाठी जपानमधला पहिला स्वतंत्र विभाग सुरू करण्यात आला. तोपर्यंत मद्यासक्त मनुष्य म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात कुलपाआड ठेवण्याचा प्राणी, अशीच सार्वत्रिक समजूत होती. कुरिहामाच्या विभागाची घडी बसविणाऱ्यांत एक तरुण मनोवैद्य होता, जो नादा इनादा या टोपणनावाने कादंबऱ्या आणि निबंध लिहीत असे व पुढे त्याच नावाने देशभर विख्यात झाला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दारांची कुलपे काढली, रुग्णांचा कारभार बराचसा रुग्णांच्याच हाती सोपविला, तीन महिन्यांची मुदत ठरविली, आणि डोंगरवाटांनी लांबलांब पायी फिरावयास नेणे हा उपचाराचाच भाग केला. ही पद्धत पुढे देशभर कुरिहामाच्याच नावाने ओळखली गेली. मनुष्यस्वभावाच्या अभ्यासासाठी उघडलेल्या या दालनात पुढे रसायनशास्त्राचा आणि कर्करोगाचा प्रश्न येऊन उभा राहील, हे त्या वेळी कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते.

जपानमध्ये, तसेच कोरिया, चीन आणि तैवान येथे, एक गोष्ट इतकी नित्याची होती की तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहावे असे कोणास वाटतच नसे. मेजवानीत चार माणसांनी एकाच वेळी पेला तोंडाला लावावा, आणि त्यांतल्या एकाचा किंवा दोघांचा चेहरा अर्धा पेला संपण्यापूर्वीच कानाच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत लालबुंद व्हावा, छाती धडधडू लागावी, डोके ठणकावे, मळमळ सुटावी. आणि उरलेल्या दोघांना मात्र तिसऱ्या पेल्यानंतरही काहीच होऊ नये. अशा माणसाची मित्रमंडळी थट्टा करीत, तोही ती हसून सहन करी, आणि एकंदरीत हा स्वभावाचा किंवा सवयीचा भाग आहे असे मानून प्रकरण मिटविले जाई. 

उलगड्याचा पहिला धागा सापडला तो आशिया खंडापासून दूर, डेन्मार्कमध्ये, आणि तोही मद्याच्या शोधात असताना नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोपनहेगनच्या एका औषधी कारखान्यात येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक पोटातील जंतांवर औषध शोधीत होते. नवे द्रव्य दुसऱ्याला देण्यापूर्वी स्वतः घेऊन पाहावे असा त्या प्रयोगशाळेतला रिवाज असल्यामुळे दोघांनीही डायसल्फिराम नावाच्या एका गंधकयुक्त द्रव्याच्या गोळ्या घेतल्या, आणि नेहमीप्रमाणे थोडेसे मद्य घेताच दोघांचीही अवस्था विलक्षण झाली: तोंड तापले, नाडी वेगाने उडू लागली, श्वास जड झाला. ही काही अन्नबाधा नव्हे, गोळी आणि मद्य यांच्या संयोगाचा हा परिणाम आहे, हे त्यांनी चिकाटीने सिद्ध केले, आणि १९४८ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. जंतांचे औषध बाजूला राहिले आणि दारू सोडविण्याचे औषध हाती आले. वास्तविक, रबराच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या अशाच जातीच्या रसायनांत काम करणाऱ्या मजुरांना दारू सोसत नाही, असे एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरने १९३७ मध्येच लिहून ठेवले होते. पण दप्तरात पडलेला कागद आणि प्रयोगशाळेत उमगलेली गोष्ट यांत अंतर असते ते असे.

हाल्ड व याकोबसेन यांच्या मंडळींनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. मद्यार्क यकृतात गेल्यावर एका विकराच्या योगाने त्याचे असिटाल्डिहाइड होते, आणि दुसऱ्या विकराच्या योगाने त्या असिटाल्डिहाइडचे निरुपद्रवी असिटेट होते. पहिली पायरी चालू राहावी आणि दुसरी अडावी, म्हणजे मधले विषारी द्रव्य रक्तात साचत जाते. गोळीने हेच घडवून आणले होते. विरळ असिटाल्डिहाइड माणसाच्या शिरेत सोडून पाहिले तेव्हा तीच लाली आणि तीच धडधड दिसून आली. आता मागे वळून पाहता असे वाटते, की याच क्षणी एखाद्या जपानी वैद्याने उठून म्हणावयास हवे होते, की महाराज, आमच्याकडे लाखो लोक ही गोळी न घेताच जन्मभर हीच अवस्था भोगीत आहेत. पण तसे व्हावयास आणखी तीन दशके जावी लागली.

मधल्या काळात तपासाची दिशा एकदा चुकलीही. १९६४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये फॉन वार्टबुर्ग या रसायनज्ञाने पहिल्या पायरीवरच्या विकराचा एक अनियमित, अधिक वेगाने काम करणारा प्रकार शोधून काढला होता. १९७२ मध्ये बोस्टनचे मनोवैद्य पीटर वुल्फ यांनी जपानी, तैवानी, कोरियन आणि गौरवर्णीय अमेरिकन माणसांच्या कानाच्या पाळीवर प्रकाशाचा झोत टाकून, मद्यानंतर तेथे रक्त किती दाटते याचे मोजमाप प्रसिद्ध केले. आशियाई वंशाच्या प्रौढांपैकी दहांत आठजण लाल होत, गौरवर्णीयांत शंभरात पाचसहा. वुल्फ यांनी तान्ह्या बालकांनाही ग्लुकोजच्या पाण्यात पोर्ट वाइनचे काही थेंब देऊन तेच मोजले. आजच्या नीतिसमित्यांनी असा प्रयोग क्षणभरही चालू दिला नसता, पण त्याने एक गोष्ट निःसंशय ठरविली: ज्यांनी आयुष्यात मद्याचा वासही घेतलेला नाही त्यांच्यातही तोच भेद दिसतो, म्हणून हा सवयीचा नव्हे, जन्माचा वारसा आहे. १९७५ मध्ये जॉर्ज स्टामाटोयानोपौलोस आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले, की फॉन वार्टबुर्गचा तो वेगवान विकर जपानी लोकांत शंभरात पंच्याऐंशी जणांकडे आहे. पहिली पायरी झपाट्याने चढली म्हणजे विष लवकर साचणारच, तेव्हा गुन्हेगार सापडला असेच सर्वांना वाटले.

गुन्हेगार दुसऱ्या पायरीवर होता. हॅम्बुर्ग येथील मानवी आनुवंशिकीच्या संस्थेत वेर्नर गेडे, जपानहून आलेले शोजी हारादा आणि भारतीय धरमपाल अगरवाल या तिघांनी मृतांच्या यकृतांचे तुकडे घेऊन त्यांतील विकर विद्युत्प्रवाहाने वेगळे केले. जर्मनांच्या यकृतात असिटाल्डिहाइड पचविणाऱ्या विकराचे दोन ठळक पट्टे उमटत. जपानी यकृतांपैकी जवळजवळ निम्म्यांत त्यांतला एक पट्टा मुळी उमटतच नसे. १९७९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. मृतांच्या यकृतावर किती दिवस अवलंबून राहणार, म्हणून त्यांनी पुढे जिवंत माणसाच्या डोक्याचे काही केस मुळासकट उपटून, त्या मुळांत तोच विकर शोधण्याची युक्ती काढली. या युक्तीमुळे गावोगाव हिंडून पाहणी करणे शक्य झाले. हारादा मायदेशी परतल्यावर त्यांनी जपानच्या प्रांतोप्रांतींच्या पाच हजारांवर लोकांची जनुकीय मोजणी केली. उत्तरेकडील अकिता प्रांतात निर्दोष विकराचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले, आणि मध्य जपानातील मिए प्रांतात सर्वांत कमी. अकिताच्या लोकांची पिण्याबद्दलची ख्याती जपानात जुनीच आहे, तिला असा रसायनशास्त्रीय दाखला मिळाला.

दोष नेमका कोठे आहे, हे १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात अकिरा योशिदा यांनी सांगितले. या विकराचे एकक सुमारे पाचशे ॲमिनो आम्लांच्या माळेचे असते. त्या माळेतल्या ४८७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते, एवढाच काय तो फरक. बाराव्या गुणसूत्रावरील जनुकातले एक अक्षर बदलले की हा फरक घडतो. पण त्याचा परिणाम किती दूरवर जातो हे समजण्यासाठी विकराची रचना लक्षात घ्यावी लागते. चार एकके एकत्र आली म्हणजे हा विकर पुरा होतो, आणि चार भोयांनी खांद्यावर घेतलेल्या पालखीत एकाचा पाय लचकला तर चौघांचीही चाल बिघडते, तसे येथे होते. म्हणून आईकडून एक निर्दोष आणि वडिलांकडून एक सदोष जनुक मिळालेल्या माणसाची क्षमता निम्मी राहील असे गणिताने वाटले, तरी प्रत्यक्षात ती निम्म्याहून बरीच खाली जाते. आणि दोन्हीकडून सदोष जनुक मिळालेल्याची क्षमता जवळजवळ शून्य होते. या दोन प्रकारच्या माणसांतला भेद वाचकाने मनात धरून ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्या भेदावरच उभी आहे.

आरंभी या निकामी विकराच्या शोधाचा अर्थ मंगलच लावला गेला. १९८२ मध्ये हारादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की सामान्य जपानी माणसांत ज्यांचा विकर निकामी आहे असे शंभरात सुमारे चाळीस असताना, मद्यासक्तांत असे शंभरात फार तर दोघेतिघेच आढळतात. म्हणजे निसर्गाने जन्मतःच डायसल्फिरामची गोळी देऊन ठेवलेल्या माणसाला दारूचे व्यसन सहसा लागत नाही. व्यसनापासूनचे हे संरक्षण खरेच होते. दक्षिण चीनमध्ये तांदळाची शेती जेथे प्रथम रुजली तेथेच मद्यार्काच्या पहिल्या पायरीचे वेगवान जनुकही प्रथम वाढले असावे, आणि भात आंबवून मद्य करणाऱ्या समाजात अशा जनुकाने आपल्या धन्याचे रक्षण केले असावे, असे अनुमान अलीकडे कुनमिंगच्या संशोधकांनी मांडले आहे. ते अनुमान मोहक आहे. पण सात ते दहा हजार वर्षांपूर्वी यांग्त्सेच्या खोऱ्यात कोण किती प्याले, याची साक्ष द्यावयास कोणी उरलेला नाही, हेही विसरता कामा नये.

संरक्षणाची ही तटबंदी जपानच्या आधुनिक इतिहासाने कशी पोखरली, हा या कथेचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. युद्धोत्तर जपानात सुबत्ता वाढत गेली तसे माणशी मद्यार्काचे प्रमाणही कित्येक पटींनी वाढले. बियर स्वस्त झाली, रस्त्यारस्त्यावर नाणे टाकताच डबा बाहेर येणारी यंत्रे उभी राहिली, आणि कचेरीचे काम संपल्यावर वरिष्ठांसोबत पिण्यास जाणे हा नोकरीचाच एक अलिखित नियम होऊन बसला. साहेबाने ओतलेला पेला नाकारणे म्हणजे साहेबालाच नाकारणे. हाताखालच्या माणसाला, त्याचा चेहरा लाल झाला तरी, तो रिता करावा लागे; आणि शरीराची गंमत अशी, की महिनोन्‌महिने रोज पीत राहिले म्हणजे ती लाली व ती मळमळ हळूहळू बोथट होते, जरी विकर मात्र होता तसाच निकामी राहतो. मग तो मनुष्य अभिमानाने म्हणतो, की पूर्वी मला दारू सोसत नसे, पण मी सवयीने पक्का झालो. कुरिहामाचे सुसुमू हिगुची आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये १३०० मद्यासक्तांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा दिसून आले की एक सदोष जनुक असलेल्यांचे प्रमाण १९७९ मध्ये शंभरात अडीच होते, १९८६ मध्ये ते आठ झाले, आणि १९९२ मध्ये तेरा. तेरा वर्षांत एखाद्या राष्ट्राची जनुके बदलत नाहीत. जनुके तीच होती, बदलला होता तो रिवाज. मात्र दोन सदोष जनुके असलेला एकही मनुष्य या मद्यासक्तांत आढळला नाही. त्यांच्या शरीराची ताकीद इतकी कठोर होती, की साहेबाच्या भिडेपुढेही ती वाकली नाही.

आता अन्ननलिकेकडे वळले पाहिजे. मद्य आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांचा संबंध जुना आहे. पॅरिसमध्ये लामी नावाच्या डॉक्टरने १९१० मध्येच नोंदविले होते, की या रोगाचे बहुतेक रुग्ण कट्टर मद्यपी असतात, आणि त्यांतही अब्सिंथ पिणारे अधिक. पुढे ब्रिटनीमधल्या रेन शहराभोवतीच्या इल-ए-विलेन या जिल्ह्यात आल्बेर टुइन्स यांनी दोनशे रुग्ण आणि त्यांच्या तुलनेसाठी सातशेहून अधिक निरोगी माणसे घेऊन, कोण दररोज किती ग्रॅम मद्यार्क आणि किती तंबाखू घेतो याचा काटेकोर हिशेब मांडला. पेल्यागणिक धोका चढत जातो, आणि तंबाखूची जोड मिळताच तो गुणाकाराने वाढतो, हे १९७७ च्या त्यांच्या लेखाने इतके स्पष्ट केले की त्यांचे आकडे आजही संख्याशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना सोडवावयास देतात. परंतु मद्यातले नेमके काय अन्ननलिकेला बाधते, हे कळत नव्हते. शुद्ध मद्यार्क उंदरांना देऊन कर्करोग होईना. कोणी दारूतल्या भेसळीला दोष देई, कोणी कळकट पिंपांना, कोणी मद्यप्यांच्या निकृष्ट आहाराला.

कुरिहामात अकिरा योकोयामा नावाचे एक वैद्य येऊन दाखल झाले होते, आणि मद्यासक्तांच्या अन्ननलिकेत दुर्बीण घालून पाहण्याचा त्यांनी सपाटा लावला होता. नुसत्या दुर्बिणीने आरंभीचा कर्करोग दिसत नाही; गुलाबी अस्तरावर तो गुलाबीच असतो. म्हणून दुर्बिणीतून आयोडीनचे द्रावण फवारतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन भरलेले असल्यामुळे आयोडीन लागताच सारे अस्तर गडद तपकिरी होते. जेथे पेशी बिघडल्या तेथे ते रंग धरीत नाही, आणि तपकिरी नळीत एक फिकट, पिवळसर डाग उमटून राहतो. काहींच्या अन्ननलिकेत असा एकच डाग दिसे; काहींची संपूर्ण नळी चित्त्याच्या कातड्यासारखी ठिपक्याठिपक्यांची निघे. रुग्णाला गिळताना काहीही त्रास नसे, तो बरा होऊन घरी जाण्याच्या गोष्टी बोलत असे; आणि अशा माणसांतही या पद्धतीने तपासले असता शंभरात तीनचार जणांच्या अन्ननलिकेत कर्करोग हाती लागे. या माणसांच्या जनुकांचा हिशेब योकोयामांनी १९९६ मध्ये मांडला. कर्करोग नसलेल्या मद्यासक्तांत सदोष जनुक शंभरात बारातेरा जणांकडे होते; कर्करोग झालेल्यांत ते निम्म्याहून अधिक जणांकडे निघाले. दुकानात, कचेरीत, शेतात काम करणाऱ्या, मद्यासक्त न म्हणता येणाऱ्या पण रोज पिणाऱ्या माणसांतही तोच प्रकार आढळला.

म्हणजे १९८२ मध्ये जे जनुक वरदान म्हणून मिरवले गेले, तेच चौदा वर्षांनी विषाचे कारण म्हणून उभे राहिले. विरोध येथे दिसतो तेवढा खरा नाही. दोन सदोष जनुके असलेला मनुष्य पिऊच शकत नाही, म्हणून त्याला कर्करोग सहसा होत नाही; दोन निर्दोष जनुके असलेला पितो, पण विष झपाट्याने पचवितो; मधला, एक सदोष जनुक घेऊन जन्मलेला, एवढा लाल होत नाही की पिणे अशक्य व्हावे, आणि एवढा समर्थही नसतो की विष वेळेवर निस्तरावे. हेलसिंकीत मिक्को सालासपुरो यांच्या चमूने अशा माणसांच्या लाळेतले असिटाल्डिहाइड मोजले, तेव्हा सारखेच मद्य घेऊनही ते इतरांच्या दुप्पटतिप्पट निघाले. ती लाळ गिळली जाते ती अन्ननलिकेतूनच. ब्रिस्टलच्या सारा लुइस आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी २००५ मध्ये तोवरच्या पाहण्या एकत्र तोलून पाहिल्या. दोन सदोष जनुके असलेल्यांत धोका दोन निर्दोष जनुके असलेल्यांच्या जेमतेम एक-तृतीयांश; एक सदोष जनुक असलेल्यांत तिप्पट; आणि त्यांतही जे भरपूर पीत, त्यांच्यात सातपट. जन्मतः चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या या जनुकांनी निसर्गाकडूनच एक निःपक्ष प्रयोग घडवून आणला होता, आणि त्याचा निवाडा भेसळीवर, पिंपांवर वा आहारावर पडत नव्हता. तो मद्यार्कावर आणि त्याच्या मधल्या अवस्थेवरच पडत होता. चीनमध्ये २००४ ते २००८ या वर्षांत पाच लाखांवर प्रौढांची नोंद झाली, तिनेही पुढे याला पुष्टी दिली: तेथील स्त्रिया जवळजवळ पीतच नाहीत, आणि त्यांच्यात हे जनुक कर्करोगाच्या बाबतीत मुकेच राहिले.

लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपानाला निर्विवाद कर्ककारक ठरविले होते ते १९८८ मध्ये. २००९ च्या बैठकीत तिने मद्यपानातून येणाऱ्या असिटाल्डिहाइडलाही त्याच पहिल्या गटात घातले, आणि त्या निर्णयामागे जपानी जनुकांच्या साक्षीपुराव्याचा भार मोठा होता. असिटाल्डिहाइड पेशीत नेमके काय करते, हे केंब्रिजमध्ये केतन पटेल यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखविले. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की असिटाल्डिहाइड पचविणारा विकर नाही आणि डीएनएची एक विशिष्ट दुरुस्तीही होत नाही, अशा उंदरांची पिले मद्यार्काने विलक्षण बाधित होतात; २०१८ मध्ये त्यांनी दाखविले, की अशा उंदराच्या रक्तपेशी ज्या मूळपेशींपासून होतात, त्यांची गुणसूत्रे मद्यार्कानंतर तुटतात आणि भलत्याच जागी सांधली जातात. दरम्यान जपानमध्ये फॅन्कोनी पंडुरोगाच्या मुलांची पाहणी झाली होती, ज्यांच्यात ती दुरुस्तीची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. त्यांच्यात सदोष विकराचे जनुकही असल्यास अस्थिमज्जा अधिक लवकर ढासळत असे. या मुलांनी मद्याचा थेंब घेतला नव्हता. शरीर स्वतःच अल्पसे असिटाल्डिहाइड तयार करीत असते, तेवढेही त्यांना पुरेसे होते.

मराठी वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहील. अन्ननलिकेचे आणि तोंडाचे कर्करोग आमच्याकडे थोडे नाहीत. १९५५ मध्ये मुंबईतील संशोधकांनी, एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगाशी असलेला संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला होता. योगायोग असा, की हेच संघवी आणि खानोलकर काही वर्षे आधी मुंबईतील निरनिराळ्या अंतर्विवाही जातिगटांच्या रक्तगटांची व इतर आनुवंशिक लक्षणांची मोजणी करीत होते. आनुवंशिकी आणि कर्करोग एकाच कचेरीत, एकाच मेजावर नांदत होते. तथापि जपानचे ते सदोष जनुक भारतात अत्यंत विरळ आहे, आणि आमच्याकडे पहिला आरोपी तंबाखूच. त्यावरून आम्हांस दारूची मुभा मिळाली असे अनुमान कोणी काढू नये. असिटाल्डिहाइड निर्दोष विकराच्या माणसातही तयार होते, फरक ते किती वेळ टिकते याचा. आणि जपानी पाहणीत ज्यांच्या पहिल्या पायरीचा विकर संथ आहे, त्यांच्यातही अन्ननलिकेचा धोका वाढलेलाच आढळला. हा संथ प्रकार युरोपात तर सर्वसाधारण आहे.

योकोयामांच्या मंडळींनी रक्त न काढता हा वारसा ओळखण्यासाठी दोनच प्रश्नांची एक प्रश्नावली बसविली. एक लहान पेला बियर घेतल्यावर तुमचा चेहरा लगेच लाल होतो काय? आणि पिण्यास आरंभ केला त्या पहिल्या एकदोन वर्षांत होत असे काय? दुसरा प्रश्न वरवर निरर्थक वाटतो, पण सारी मेख त्यातच आहे, कारण सवयीने पक्का झालेला मनुष्य पहिल्या प्रश्नाला बेलाशक नाही म्हणतो. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून सदोष विकराची सुमारे नव्वद टक्के माणसे ओळखता येतात. २००९ मध्ये अमेरिकन सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिले, की पूर्व आशियातील लोकांपैकी सुमारे छत्तीस टक्के, म्हणजे जगभरात पन्नास कोटींवर माणसे या लालीची आहेत, आणि वैद्यांनी प्रत्येक पूर्व आशियाई रुग्णाला हा प्रश्न विचारावा. याच काळात, पिण्यापूर्वी आम्लपित्ताची गोळी घेऊन लाली झाकण्याची चाल तरुणांत पसरली. त्या गोळीने त्वचेवरचा रंग उतरतो, रक्तातले असिटाल्डिहाइड उतरत नाही. २०१६ मध्ये जपानी डॉक्टरांच्या एका दीर्घ पाहणीने असे दाखविले, की आरंभीचा कर्करोग दुर्बिणीतून काढून टाकल्यानंतर ज्यांनी दारू सोडली, त्यांच्या अन्ननलिकेत पुन्हापुन्हा नवे कर्करोग उद्भवण्याचा धोका न सोडणाऱ्यांच्या जवळपास निम्म्यावर आला.

१९ फेब्रुवारी २०२४ रोजी जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मद्यपानाविषयीची आपली पहिली मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत वय आणि लिंग यांच्या बरोबरीने जन्मजात शरीरप्रकृतीचाही उल्लेख आहे: ज्यांचा विकर दुर्बळ आहे आणि जे तरीही सवयीने पीत आले आहेत, त्यांना तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, असे सरकारी भाषेत लिहिलेले आहे. टाळावयाच्या गोष्टींची एक यादीही पुस्तिकेत दिली आहे, आणि तिच्यात एक नोंद दुसऱ्याला पिण्याची सक्ती करण्याविषयी आहे.